विघ्नेश्वराने घातलेले लहानसे विघ्न

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला घरोघरी पार्थिव गणेशाची प्राणप्रतिष्ठा होते आणि त्यामागोमाग आपल्या विदर्भात ज्येष्ठा-कनिष्ठा महालक्ष्म्या माहेरपणाला येतात. मखर सजते, माळा झगमगतात, दर्शनाला येणाऱ्या सुवासिनींसाठी पंखे अखंड फिरत राहतात आणि स्वयंपाकघरात पुरणावरणाची घाई उडते. नेमक्या अशा वेळी, आरतीची घंटा हाती घेतलेली असताना घरातील दिवे जातात. ‘फ्यूज उडाला!’ असा पुकारा होतो. मग कोणी उत्साही तरुण स्टुलावर चढतो, हाताशी असलेल्या वायरीचे दोन-तीन पदर पिळून किटकॅटमध्ये घालतो आणि ‘आता पुन्हा उडायचा नाही,’ असे अभिमानाने सांगतो. वडीलधारी मंडळी त्याचे कौतुक करतात. प्रस्तुत लेखाचा विषय हे कौतुकच आहे, कारण ते सर्वस्वी अस्थानी आहे.

आपण गणेशाला विघ्नहर्ता म्हणतो, परंतु त्याचे एक प्राचीन नाव विघ्नेश्वर असे आहे. ‘विघ्न’ शब्द ‘हन्’ धातूला ‘वि’ हा उपसर्ग लागून सिद्ध झाला. जे आघात करून कार्य थांबविते ते विघ्न. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात विनायकाची नियुक्तीच कर्मात विघ्न उत्पन्न करण्यासाठी झाल्याचे सांगितले आहे. आधुनिक वाचक हे वाचून बुचकळ्यात पडतो. ज्याची आराधना विघ्ननाशासाठी करावयाची तोच विघ्ने घालतो, हे कसे? याचे उत्तर परंपरेने कृतीतून दिले आहे. जो मार्ग अनर्थाकडे जातो त्यावर आडवे पडणारे विघ्न ही कृपाच असते. लेकरू विहिरीच्या काठाकडे धावू लागले, तर त्याचा हात धरून मागे ओढणारी आई त्याच्या खेळात विघ्नच आणीत असते.

फ्यूज हे असेच एक विघ्न आहे. त्याचे कार्य नीट समजले, तर त्याच्यावर रागावणे आपोआप थांबेल.

नागपूरच्या उत्तरेस कोराडीला जगदंबेचे पुरातन स्थान आहे आणि तिच्याच परिसरात १९७४ पासून औष्णिक वीजकेंद्र उभे आहे. तेथे आज ६६० मेगावॅटचे तीन अजस्र संच आहेत. देवीची शक्ती आणि विजेची शक्ती यांचे हे सान्निध्य कीर्तनकाराला दृष्टांतासाठी आयतेच सापडते. परंतु दृष्टांताहून महत्त्वाची गोष्ट ही, की तेथून निघालेली वीज आपल्या देवघरापर्यंत येताना कोठेही अनिर्बंध सोडलेली नसते. वीजकेंद्रात, उपकेंद्रात, रोहित्रावर, प्रत्येक पायरीवर तिला रोखणारी रक्षक यंत्रे बसविलेली असतात. या रक्षकांच्या रांगेतील अगदी शेवटचा, सर्वांत धाकटा आणि सर्वांत स्वस्त रक्षक म्हणजे आपल्या घरातील फ्यूजची तार.

ही तार मुद्दाम दुबळी ठेवलेली असते. तारेतून वीज वाहू लागली की तार तापते, आणि प्रवाह दुप्पट झाला की उष्णता दुप्पट न होता चौपट होते, असा निसर्गनियम आहे. भिंतीत दडलेली तार अशी अतोनात तापली, तर तिच्यावरील आवरण वितळते, आणि लाकूड, कापड, कागद जे जवळ असेल ते पेट घेते. म्हणून त्याच मार्गात एक बारीक तुकडा असा घालावयाचा, की भिंतीतील तार धोक्यात येण्यापूर्वी तो स्वतः वितळून जाईल आणि मार्ग खंडित करील. पाच अँपिअरच्या फ्यूजसाठी कल्हई केलेल्या तांब्याची जी तार वापरतात, तिची जाडी अवघी सुमारे ०.२ मिलिमीटर असते. एडिसनने आपल्या वीजवितरण व्यवस्थेसाठी या युक्तीचे एकस्व १८९० मध्ये मिळविले. स्वतः जळून घर वाचविणे हा तिचा धर्म आहे.

आता आपल्या उत्सवाचा हिशेब पाहू. एकाच पाच अँपिअरच्या फ्यूजवर मखरापुढील पाचपाचशे वॅटचे दोन हॅलोजन लागले, चार पंख्यांचे सुमारे तीनशे वॅट झाले, आणि त्यातच कोणी साडेसातशे वॅटचा मिक्सर चालू केला, तर एकूण भार दोन हजार पन्नास वॅट होतो. २३० व्होल्टने भागिले असता हा प्रवाह सुमारे नऊ अँपिअर येतो. पाच अँपिअरची तार पाचाला लगेच वितळत नाही, ती दीड-दोन पटींपर्यंत सहन करते. नवाला मात्र ती बहुधा शरण जाते. म्हणजे तिने कुरकुर न करता शक्य तेवढे सोसले आणि मगच प्राण सोडला. तिच्या जागी दुप्पट जाडीची तार घातली, तर ती वितळण्यास पावणेतीन पटींहून अधिक प्रवाह लागतो. तोवर भिंतीतील जुन्या, बारीक तारेचे काय होईल? जाड तार घालणाऱ्याने फ्यूज दुरुस्त केलेला नसतो; घरातील सर्वांत दुबळी जागा किटकॅटमधून काढून, जेथे कोणाचे लक्ष जात नाही अशा भिंतीत नेऊन ठेवलेली असते.

आता अनेक घरांत किटकॅट जाऊन एमसीबी आले आहेत. १९२४ मध्ये जर्मनीत हुगो स्टोट्झ याने ज्याचे एकस्व घेतले, त्या यंत्राचेच हे वंशज. त्यात तार बदलावी लागत नाही, खटका पुन्हा वर केला की काम भागते. परंतु मनुष्याची वृत्ती तीच राहिली. सोळा अँपिअरचा एमसीबी वारंवार पडतो म्हणून बत्तीसचा बसवून घेणारे यजमान आहेत. भिंतीतील तार तीच आणि रक्षक मात्र दुप्पट बधिर, असा हा व्यवहार होतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. फ्यूज किंवा एमसीबी घराच्या तारांचे रक्षण करतो. माणसाच्या देहाचे रक्षण करण्यास तो असमर्थ आहे. एक अँपिअरच्या दहाव्या भागाएवढा प्रवाह छातीतून गेला तरी प्राण जाऊ शकतो, आणि पाच अँपिअरच्या फ्यूजला त्याची गंधवार्ताही नसते. नागपूरकरांना हे कूलरच्या निमित्ताने चांगलेच ठाऊक असावयास हवे. आपल्या वैशाखवणव्यात ओल्या फरशीवर उभे राहून कूलरच्या पत्र्याला हात लावल्याने प्राण गेल्याच्या बातम्या उन्हाळ्यात येतात. ओल्या अंगणातील मांडवाच्या लोखंडी खांबालाही तोच न्याय लागू आहे. त्यासाठी निराळा रक्षक आहे. त्याला आरसीसीबी म्हणतात. गेलेली वीज आणि परतलेली वीज यांत ३० मिलिअँपिअरचे अंतर पडले, की तो क्षणार्धात मार्ग तोडतो. त्याच्या जोडीला चांगले भूसंपर्कन, म्हणजे अर्थिंग, हवेच. फ्यूज नेहमी फेजच्या तारेत असावा. तो न्यूट्रलमध्ये असेल तर उडाल्यावर दिवा विझतो खरा, पण विजेचा डंख तारेत तसाच जागा राहतो.

काही सज्जन म्हणतात, ‘उत्सव दहा दिवसांचा. ऐन आरतीत अंधार होणे हा अपशकुन. तेवढ्यापुरती जाड तार चालून जाईल.’ या आक्षेपातील भावना खरी आहे, पण विचार उलटा आहे. आपल्या पूजाविधीत विजेच्या दिव्याला स्थान नाही. तेथे समई आहे, निरांजन आहे. दिवे गेले तर आरती थांबण्याचे कारण नाही. उलट समईच्या मंद प्रकाशात गजाननाचे मुख अधिक प्रसन्न दिसते. अपशकुन म्हणावयाचाच असेल, तर तो अंधाराला म्हणू नये, सावध करणाऱ्याचे तोंड बांधण्याला म्हणावा. शिवाय उत्सवात घर पाहुण्यांनी भरलेले, कापडी मखर, कागदी फुले आणि तेवती समई सारे एकत्र असते. संकटाला इतकी अनुकूल वेळ वर्षात दुसरी नसते.

आपल्या शास्त्रांनी अग्नीची उपासना सांगितली, पण त्याला कुंडात बसविले आणि कुंडाभोवती मेखला घातल्या. संस्कृतात ‘सेतु’ म्हणजे पूल, तसाच बांधही. छांदोग्य उपनिषदाने आत्म्याला सेतु म्हटले आहे ते या दुसऱ्या अर्थाने, सर्व लोकांना आपापल्या मर्यादेत धरून ठेवणारा म्हणून. फ्यूज हा घरातला असा बांध आहे. जाड तार घालणारा त्या बांधाचा पूल करतो, आणि अग्नी त्यावरून चालत घरात येतो.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे एवढेच. स्थापनेपूर्वी आपण मूर्ती पाहतो, मखर पाहतो, सामग्रीची यादी पाहतो. त्या यादीत परवानाधारक तारतंत्र्याकडून तपासणी हे एक कलम वाढवावे. फ्यूज उडाला तर प्रथम मेन स्विच बंद करावा, भार कमी करावा, योग्य जाडीचीच तार घालावी. पुन्हा उडाल्यास दोष शोधावा. सार्वजनिक मंडळांनी तारेवर आकडा टाकून देवाच्या दारी चोरी करू नये; महावितरण उत्सवासाठी सवलतीच्या दराने तात्पुरती जोडणी देते, आणि तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. आकड्याच्या विजेला ना फ्यूज, ना अर्थिंग, ना मर्यादा. मुलांच्या हाती मोदक देणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्यांच्या पायाखालच्या तारेचाही विचार करावा.

गजाननाजवळ ‘निर्विघ्न कर’ असे मागताना एवढे लक्षात ठेवू या, की त्याने घातलेले लहान विघ्न उपटून टाकणाऱ्याला मोठ्या विघ्नापासून वाचवा म्हणण्याचा अधिकार उरत नाही. बुद्धीचा दाता तो आहे. त्याने दिलेली बुद्धी त्याच्याच उत्सवात वापरणे, ही त्याची खरी पूजा होय. मंगलमूर्ती सर्वांच्या घरी सुखरूप येवोत आणि सर्वांना सुखरूप ठेवूनच परत जावोत.