पात्र कोण ?

“मनुष्य पापी आहे, स्वतःच्या बळानें उद्धार पावण्यास तो पात्र नाहीं,” हें ख्रिस्ती धर्माचें मत ऐकतांच पुष्कळ तरुणांच्या कपाळास आंठ्या पडतात. ते म्हणतात, अशा शिकवणीनें स्वाभिमान खचतो. जो आपणांस नालायक समजतो त्याच्या हातून मोठें कार्य काय होणार? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचा विचार मोकळेपणानें केला पाहिजे. माझें मत असें कीं, ही शिकवण मनुष्यास हीन करीत नाहीं. एका मनुष्यानें दुसऱ्यास हीन लेखण्याचा अधिकार मात्र ती काढून घेते.

मढ गांव ज्या जुन्नर तालुक्यांत आहे, त्याच तालुक्यांत प्रसिद्ध नाणेघाट आहे. घाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. कोंकणांतून वर येणारे व्यापारी प्राचीन काळीं आपली जकात त्यांत टाकीत, असें परंपरा सांगते. जवळच्या लेण्यांत सातवाहन राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी शिलालेख आहे. अश्वमेध, राजसूय इत्यादि यज्ञ आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या हजारों गाई व कार्षापणें यांची ती नोंद आहे. इतिहासास ती अमोल आहेच. पण मनुष्यस्वभावाचीहि ती साक्ष देते. आपलें पुण्य मोजावें, लिहून ठेवावें, तें पुसलें जाऊं नये, असें कोणास वाटत नाहीं ? आपण तें दगडावर कोरीत नसलों तरी मनांत कोरीत असतोंच.

लूककृत शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायांत प्रभु येशूनें अशा पुण्याचा हिशेब ठेवणाऱ्याची आणि एका जकातदाराची गोष्ट सांगितली आहे. दोघे मंदिरांत प्रार्थनेस गेले. परुश्यानें आपले उपास व दशमांश यांची यादी देवापुढें मांडली आणि आपण या जकातदारासारखे नाहीं म्हणून आभार मानले. जकातदार दूर उभा राहिला. त्यास वर पाहण्याचाहि धीर झाला नाहीं. ऊर बडवून त्यानें केवळ दया मागितली. नीतिमान ठरून घरीं गेला तो हा दुसरा. परुश्याचे उपास खोटे होते, असें दृष्टांत म्हणत नाहीं. त्याचा दोष हा कीं, स्वतःचें माप घेण्यासाठीं त्यानें शेजारचा मनुष्य निवडला. देवाच्या पवित्रतेशीं माप घेतलें असतें, तर दोघेहि उणेच ठरले असते.

हा विचार परकीय आहे, असेंहि कोणी म्हणतील. परंतु ह्याच तालुक्यांत ओतूर येथें बाबाजी चैतन्यांची समाधि आहे. वारकरी त्यांस तुकोबांचे गुरु मानितात. आपण पतित आणि देव पतितपावन, ही आर्त भावना तुकोबांच्या अभंगांत किती वेळां येते ! १८९५ सालीं ख्रिस्ती झालेले कवि नारायण वामन टिळक तर आपण तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आलों, असें म्हणत. ख्रिस्ती विश्वास यापुढें जाऊन सांगतो कीं, मनुष्यास फेडतां न येणारें ऋण ख्रिस्तानें वधस्तंभावर स्वतःचा प्राण देऊन फेडलें आहे. म्हणून उद्धार ही कमाई नसून दान आहे, आणि दान घेणाऱ्यानें दुसऱ्या घेणाऱ्यापुढें मिरवावें असें त्यांत कांहीं नाहीं.

याचें उदाहरण आपल्याच पुणें जिल्ह्यांत आहे. स्त्रियांस व शूद्रांस मोक्षाचा मार्ग बंद आहे असें शास्त्रांत वाचून पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचें मन व्यथित झालें होतें. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला; तरी आपणांस धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाहीं, हें त्यांस सुमारें आठ वर्षांनीं उमगलें. एवढ्या विदुषीनें आपण पापी असून केवळ कृपेनें तरतों असें कबूल केलें. त्यामुळें त्या खचल्या काय ? १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं शेंकडों अनाथ मुली वांचविल्या. केडगांवीं मुक्तिसदन उभारलें. समाजानें “पतित” म्हणून टाकिलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन काढलें. आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर केलें. ज्या बाईनें स्वतःस कृपेची ऋणी मानिलें, तिला टाकिलेली स्त्री आपल्याहून खालची कशी दिसावी ?

पापाची कबुली तोंडीं असतां भारतांतील कित्येक ख्रिस्ती मंडळ्यांतहि जातिभेद शिरला, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु तो या शिकवणीचा परिणाम नव्हे. ती मनापर्यंत न पोहोंचल्याचा पुरावा आहे.

विद्यार्थिमित्रहो, पहिला क्रमांक मिळविणारा, नापास होणारा, पाटलाचा मुलगा आणि मोलमजुरी करणाऱ्याचा मुलगा हे देवापुढें एकाच रांगेंत, रिकाम्या हातांनीं उभे आहेत. हें ज्यास पटलें, त्याची मान देवापुढें लवेल. पण मनुष्यापुढें त्यास ना लाचार होण्याचें कारण राहील, ना ताठा मिरविण्याचें.