राखलेली आघाडी

बेसबॉलमधील 'रिलीफ पिचर' सामना सुरू करीत नाही. बहुधा दुसऱ्यांनी मिळविलेली निसटती आघाडी अखेरच्या डावांत राखणे हेच त्याचे काम. कॅन्सस सिटी रॉयल्सचा डॅन क्विझनबेरी यात निष्णात होता. १९८३ साली त्याने असे ४५ सामने राखले; तो तेव्हाचा विक्रम. वेग बेताचाच, पण हात कमरेखालून फिरवून तो अचूक चेंडू टाकी. त्या मोसमात १३९ डावांत त्याने अवघे ११ फुकटचे बेस दिले. १९९० मध्ये निवृत्त झाल्यावर तो कवितेकडे वळला. 'ऑन डेज लाइक धिस' हा संग्रह १९९८ मध्ये निघाला. त्याच वर्षी, पंचेचाळिसाव्या वर्षी, मेंदूच्या कर्करोगाने तो गेला.

अशा लेखनाला 'खेळाडूची कविता' म्हणून कौतुकाने बाजूस सारण्याची समीक्षेची सवय आम्हांस मान्य नाही. 'बेसबॉल कार्ड्स' या कवितेत तो वर्षागणिक छापल्या गेलेल्या स्वतःच्याच छबी न्याहाळतो. ओसरत्या कीर्तीकडे पाहण्याचा हा अनुभव मैदानापुरता उरत नाही. म्हणून वर्गात आपण आधी कविता वाचावी. कवीचा व्यवसाय मागाहून सांगावा.