नाडीची नोंद कुणाच्या दप्तरी?

मनगटावरचा पट्टा नाडी मोजतो, झोप मोजतो, आणि बहुतेक वेळा ती नोंद फोनमार्गे कंपनीच्या सर्व्हरवर जमा होते. ती कुठे ठेवायची हे ज्याची नाडी त्याने ठरवायला हवे. आज ते कंपनी ठरवते, आणि कंपनीचा मालक बदलू शकतो. जानेवारी २०२१ मध्ये गूगलने फिटबिट विकत घेतली. या नोंदी दहा वर्षे जाहिरातींसाठी वापरायच्या नाहीत, अशी अट युरोपीय आयोगाने घातली खरी, पण ते संरक्षण युरोपातल्या ग्राहकांपुरते. भारतातल्या ग्राहकाच्या बाजूने असे कुणी बसलेले नव्हते.

दुसरी वाट अस्तित्वात आहे, आणि ती गरजेपोटी निघाली. टाइप-१ मधुमेह असलेल्या मुलांची साखर दूरवरून पाहता यावी म्हणून अमेरिकेतल्या काही पालकांनी २०१३च्या सुमारास मापकातले आकडे स्वतःच्या सर्व्हरवर पाठवायला सुरुवात केली. त्यातून ‘नाइटस्काउट’ ही प्रणाली उभी राहिली. आज तर साधने हाताशी आहेत. अँड्रॉइड १४ पासून ‘हेल्थ कनेक्ट’ फोनच्या प्रणालीतच आहे. त्यातल्या नोंदी फोनवरच राहतात, आणि आपण परवानगी दिलेले ॲप त्या घरच्या छोट्या संगणकावरच्या ‘नेक्स्टक्लाउड’सारख्या साठ्यात पाठवू शकते. अडते ते पट्ट्यापाशी. ‘गॅजेटब्रिज’ हे मुक्त ॲप कंपनीला वगळून पट्ट्याशी थेट बोलते, पण काही पट्ट्यांशी जोडणीसाठी लागणारी सांकेतिक किल्ली मिळवायला आधी त्याच कंपनीचे खाते उघडावे लागते. विकत घेतलेल्या वस्तूसाठी ही अट मला अन्यायाची वाटते.

घरचा सर्व्हर बड्या कंपनीइतका सुरक्षित कसा असेल, हा आक्षेप रास्त आहे. डिस्क बिघडते, अद्ययावत करायचे राहून जाते. म्हणून तो इंटरनेटवर उघडा न ठेवता व्हीपीएनमधूनच गाठावा आणि कूटबद्ध केलेली एक प्रत दुसरीकडे ठेवावी. पण मोठे कोठारही अभेद्य नसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला तेव्हा संगणकीय कामकाज कित्येक दिवस ठप्प होते. एका जागी सगळ्यांचे दप्तर असले की एका घावात सगळ्यांचेच जाते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे सामान्य माणसाला जमणार कसे? एकेकट्याला जमणार नाही, हे मान्य. पण महाराष्ट्राने पतपुरवठा, दूध, साखर सहकारातून उभे केले. शे-दोनशे कुटुंबांचा सभासदांच्या मालकीचा सर्व्हर त्याहून अवघड नाही. त्याआधी कायदा हवा. २०१९च्या विदा संरक्षण विधेयकात आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात मागून घेण्याचा आणि दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०२३च्या कायद्यातून तो वगळला गेला. संसदेने तो परत आणावा, आणि आरोग्याच्या नोंदींपासून सुरुवात करावी.