रॉबिन ट्रॉवर आणि अनुकरणाचा शिक्का

रॉबिन ट्रॉवर या ब्रिटिश ब्लूज-रॉक गिटारवादकाविषयी गेली पन्नास वर्षे एकच वाक्य थोड्याफार फरकाने लिहिले जाते आहे. हा म्हणजे ‘गोरा हेंड्रिक्स’! हे वाक्य लिहिण्यासाठी ट्रॉवर ऐकावा लागत नाही, हीच त्याची मोठी सोय. प्रभाव आणि अनुकरण यांतला भेद आपण साहित्याच्या वर्गात तासन्‌तास समजावून सांगतो. रॉक संगीतावर लिहिणारे मात्र दोहोंना एकाच दाव्याला बांधून मोकळे होतात.

आरोपात जे तथ्य आहे ते आधी मान्य करू. १९६७ ते १९७१ या काळात ट्रॉवर ‘प्रोकोल हॅरम’मध्ये होता. पियानो आणि ऑर्गन ही त्या समूहाची ओळख. गिटारला दुय्यम जागा. सप्टेंबर १९७०मध्ये बर्लिनच्या एका कार्यक्रमात हा समूह आणि जिमी हेंड्रिक्स दोघेही होते. त्यानंतर दोनच आठवड्यांत हेंड्रिक्स गेला. त्याच्या स्मरणार्थ ट्रॉवरने स्वरबद्ध केलेले ‘साँग फॉर अ ड्रीमर’ १९७१च्या ‘ब्रोकन बॅरिकेड्स’मध्ये आहे. म्हणजे हे ऋण त्याने लपवलेले नाही, उघडपणे मान्य केले आहे. पुढे स्वतःचे त्रिकूट, हाती स्ट्रॅटोकास्टर आणि पायाशी युनी-व्हाइब हा सरंजामही हेंड्रिक्सची आठवण करून देणाराच.

पण सरंजाम म्हणजे शैली नव्हे. युनी-व्हाइब हे जपानी उपकरण. आत एक स्पंदणारा दिवा आणि त्याभोवती प्रकाशाला प्रतिसाद देणारे चार घटक. त्यामुळे स्वर पाण्यावर हेलकावे घेतल्यासारखा ऐकू येतो. हेंड्रिक्सने १९६९मध्ये वुडस्टॉकला ते वापरले होते. ट्रॉवरने त्याचे काय केले हे कळण्यासाठी ‘ब्रिज ऑफ साइज’ (१९७४) या अल्बमचे शीर्षकगीत ऐकावे. लय इतकी संथ, की दोन आघातांमधली पोकळीही संगीताचा भाग होते. तीत जेम्स ड्यूअरचा सोल संगीतात मुरलेला भरदार आवाज, आणि त्याला वाट करून देणारी गिटार. हेंड्रिक्सच्या वादनात उसळी आहे; इथे रेंगाळणे आहे.

ट्रॉवर तारा पूर्ण एक स्वर खाली लावतो. सैल पडलेली तार बोटाने दूरवर खेचता येते आणि एकाच स्वरावर रुंद, सावकाश आंदोलन घेता येते. त्याची सही या आंदोलनात आहे. बाजारात मिळणाऱ्या पेटीत ती सापडणार नाही.

शिवाय हेंड्रिक्स लंडनला आला १९६६मध्ये. त्याआधीच ट्रॉवर साउथएंडच्या ‘द पॅरामाउंट्स’मध्ये रिदम अँड ब्लूज वाजवत होता. बी. बी. किंगचा संस्कारही त्याच्यावर आहेच. खुद्द हेंड्रिक्स बडी गाय आणि कर्टिस मेफील्ड यांच्याकडून शिकला. त्याला कोणी नकलाकार म्हणत नाही, आणि म्हणूही नये. मग परंपरेतून घेण्याचा जो अधिकार एकाला, तो दुसऱ्याला का नाही?

दीर्घकाळ टिकणे म्हणजे थोर असणे नव्हे, असा आक्षेप येईल. तो रास्तच आहे. ट्रॉवरचे सारे अल्बम सारख्या तोलाचे नाहीत. पण नकलेला मूळ नमुना लागतो. हेंड्रिक्स सत्ताविसाव्या वर्षी गेला. चाळिशीतला, साठीतला, ऐंशीतला हेंड्रिक्स कसा वाजला असता, याचा नमुनाच अस्तित्वात नाही. मग १९८१-८२चे जॅक ब्रूससोबतचे अल्बम, १९९०च्या दशकातले ब्रायन फेरीबरोबरचे काम, २०२२चा ‘नो मोअर वर्ल्ड्स टु कॉन्कर’, वयाच्या ऐंशीव्या वर्षी आलेला २०२५चा ‘कम अँड फाइंड मी’ हे सगळे कोणाचे अनुकरण?

या शिक्क्याने अन्याय दोघांवर होतो. ट्रॉवरचे वेगळेपण ऐकलेच जात नाही. आणि हेंड्रिक्सची प्रतिभाही दुकानातून विकत आणता येईल अशा दोन-चार उपकरणांत आटोपते. ज्याला अनुकरण सिद्ध करायचे असेल त्याने कोणते गाणे, कोणती स्वरावली, कुठून उचलली हे दाखवावे. साहित्यात वाङ्मयचौर्याचा आरोप करणाऱ्याकडून आपण एवढी अपेक्षा ठेवतोच. संगीतावर लिहिणाऱ्याला तेवढी सूट का द्यावी?