पदवीवांचून शहरांतील संसार

विद्यापीठाची पदवी नसलेल्या माणसानें ठाणें, डोंबिवली, कल्याण अशा महागड्या शहरांत संसार थाटावा कीं नाहीं, हा प्रश्न हल्लीं पुष्कळ घरांतून ऐकूं येतो. एखाद्या मुलाचें मन कॉलेजांत लागत नाहीं, एखादा पुतण्या कोंकणांतून नोकरीसाठीं येऊं म्हणतो, आणि घरांतील वडील मंडळींत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, पदवी नसेल तर शहरांत त्याचे हाल ठरलेले. दुसरा म्हणतो, हातपाय धड असलेला माणूस मुंबईच्या आसपास उपाशी राहात नाहीं. आमच्या मतें दोन्ही पक्षांचें मूळ प्रश्नाकडे दुर्लक्ष होतें.

संस्कृतांत 'योगक्षेम' असा एक जोडशब्द आहे. जें आपल्यापाशीं नाहीं तें मिळविणें हा योग, आणि मिळालेलें सांभाळणें हा क्षेम. मराठींत आपण हा शब्द सरसकट उदरनिर्वाह या अर्थीं वापरतों व त्याचा उत्तरार्ध विसरतों. या शहरांत योग फारसा अवघड नाहीं, काम मिळतें. अवघड आहे तो क्षेम, आणि पदवी तो देतेच असें नाहीं.

या गांवांचा इतिहासच पाहा. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें ही ३४ किलोमीटरांची आगगाडी सुरू झाली आणि पुढल्याच वर्षीं ती कल्याणपर्यंत पोंचली. मिळवावें मुंबईंत व राहावें या बाजूस, असा क्रम पुढें पडत गेला. गिरगांव-दादरास जागा न परवडणारे कारकून, फिटर, छापखान्यांतील कामगार, रेल्वेचे नोकर डोंबिवली-कल्याणच्या चाळींतून येऊन राहिले. त्यांतील पुष्कळांचें शिक्षण मॅट्रिकच्या पुढें गेलेलें नव्हतें. आम्ही स्वतः मॅट्रिकच. संस्कृताचें अध्ययन केलें तें पदवीसाठीं नव्हे. तरी शाळेंतील नोकरीवर संसार झाला. याचें श्रेय आमच्या हुषारीस नाहीं. वेतनश्रेणी ठरलेली होती, आजारपणांत रजा मिळे, आणि उतारवयासाठीं निवृत्तिवेतनाची हमी होती. याचेंच नांव क्षेम.

कारखान्यांतील माणसासही तो लाभत असे. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटींत त्याची पहिली वसाहत उभी राहिली. पुढें डोंबिवलीसही तशीच वसाहत झाली. ठाण्यास रेमंडची गिरणी १९२५ पासून होतीच, कल्याणजवळ मोहन्यास नॅशनल रेयॉन होता. यंत्रावर उभ्या राहणाऱ्या कामगारास तेथें पदवी लागत नव्हती आणि नोकरी मात्र कायम होती. नॅशनल रेयॉन २००९ सालीं बंद पडला व थकलेल्या पैशांसाठीं कामगारांस वर्षानुवर्षें झगडावें लागलें. रेमंडच्या गिरणीच्या जागेंत आज उंच निवासी इमारती आहेत. बिनपदवीच्या माणसानें ज्या जमिनीवर कायमचें वेतन मिळविलें, त्याच जमिनीवरील घर विकत घेणें आज तशा माणसाच्या स्वप्नांतही येत नाहीं.

आतां हिशेब मांडूं. समजा, नवरा वातानुकूलन यंत्रें दुरुस्त करतो व महिना २०,००० रुपये मिळवितो. बायको दोन-तीन घरीं पोळ्या करून १०,००० मिळविते. एकूण ३०,००० झाले. घरभाडें ९,०००, किराणा, दूध, भाजी ९,०००, दोन मुलांची शाळा व शिकवणी ४,०००, वीज, गॅस, दूरध्वनी २,५००, गांवीं आईवडिलांस २,०००, रेल्वेचा पास व रिक्षा १,०००, औषधपाणी १,०००. बेरीज २८,५०० होते. शिल्लक १,५००, म्हणजे वर्षाचे १८,०००. यांत सणवार नाहीं, कपडालत्ता नाहीं, अकरा महिन्यांनीं घर बदलावें लागल्यास दलाली नाहीं. नवरा एक महिना तापानें अंथरुणास खिळला आणि त्या महिन्याचा पगार बुडाला, तर सबंध वर्षाची शिल्लक जाऊन वर २,००० रुपये देणें होतें. म्हणजे हा संसार चालतो खरा. पण तो एका तापाच्या अंतरावर उभा आहे.

अशा कुटुंबानें काटकसर करावी तरी कोठें? दोनच वाटा उरतात, आणि दोन्ही जिवावरच्या आहेत. एक वाट स्वस्त घराची. ४ एप्रिल २०१३ रोजीं मुंब्र्यालगत शीळ येथें बांधकाम चालू असतांनाच एक अनधिकृत इमारत कोसळली व ७४ माणसें मृत्यु पावलीं. २०२४ सालीं डोंबिवली परिसरांतील ६५ अनधिकृत इमारतींच्या प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयानें पाडकामाचा आदेश दिला. खोट्या परवानग्यांच्या आधारें त्यांची 'महारेरा'कडे नोंदणी झाली होती, आणि त्यांत घरें घेणारीं कित्येक कुटुंबें साधीं नोकरदार होतीं. दुसरी वाट दूरच्या घराची. मुंबईपासून कल्याण सुमारें ५४ किलोमीटर, बदलापूर सुमारें ६८. भाडें जसें उतरतें तशी गाडींतील वेळ चढते. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांतून प्रवासी खालीं पडून कांहींनीं प्राण गमावले, हें आपण सर्वांनीं वाचलें आहे.

मग पदवी घेतल्यानें हें सारें टळतें काय? पदवीधरांची सरासरी मिळकत अधिक असते, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु सरकारी श्रमबल-पाहणींत पदवीधरांमधील बेकारीचें प्रमाण अल्पशिक्षितांहून अधिक आढळतें, हेंही तितकेंच खरें. घरचें पाठबळ असल्यामुळें ते थांबूं शकतात, हें त्याचें एक कारण. पण कर्ज काढून मिळविलेल्या पदवीवर कंत्राटी नोकरी पत्करणारा तरुण वरील यंत्रदुरुस्ती करणाऱ्याहून फारसा सुरक्षित नसतो. त्याच्या हिशेबांत कर्जाचा हप्ता तेवढा जास्त असतो.

म्हणून ज्या मुलाचें मन पुस्तकांत रमत नाहीं, त्यास दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत वीजतंत्री, फिटर वा तत्सम कामाचें एक-दोन वर्षांचें शिक्षण द्यावें. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालीं कारखान्यांत उमेदवारीही करतां येते. यांत घराण्याची अप्रतिष्ठा मानणें सोडून द्यावें. नोकरी पत्करतांना पगाराच्या आंकड्यास भुलूं नये. वेतन बँकेंत जमा होतें काय, भविष्यनिर्वाह निधि कापला जातो काय, हें आधीं विचारावें. म्हाडाच्या कोंकण मंडळानें कल्याणजवळ शिरढोण, खोणी येथें जीं घरें बांधलीं, त्यांच्या सोडतींत अर्जदाराची पदवी विचारीत नाहींत, उत्पन्न विचारतात. मुंबई महानगर प्रदेशांत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असलेलें कुटुंब अत्यल्प उत्पन्न गटांत मोडतें. पण सोडतींत नांव निघालें तरी बँक कर्जासाठीं वेतनाचा कागद मागते. रोखीनें हातावर मिळणाऱ्या चार हजार जास्त रुपयांपेक्षां तो कागद अधिक मोलाचा आहे. विकत घ्यावयाच्या घराची परवानगी खुद्द महापालिकेंत जाऊन तपासून पाहावी. केवळ नोंदणीच्या क्रमांकावर विसंबूं नये.

आमच्या वाचकांचाही या गोष्टीशीं संबंध आहे. आपल्यापैकीं कित्येकांची एखादी जास्तीची खोली भाड्यानें दिलेली असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणें करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तो कागद भाडेकऱ्यास कराराच्या मुदतींत पत्त्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो. आपल्याकडे पोळ्या करणारी बाई, गाडी चालविणारा, इमारतीचा पहारेकरी यांचा क्षेम बऱ्याच अंशीं आपल्या हातीं आहे. आठ दिवस तापानें न आलेल्या बाईचे आठ दिवसांचे पैसे कापावे कीं नाहीं, हा निर्णय कोणतेंही सरकार घेत नाहीं. तो आपल्याच स्वयंपाकघरांत होतो.

पदवीवांचून या शहरांत राहतां येतें काय? दोन मिळविते हात, नियमित वेतन, कायदेशीर छप्पर आणि आजारपणांत न तुटणारा पगार एवढें असेल तर येतें; यांतील एक जरी गळलें तरी पदवीधरासही येत नाहीं. तेव्हां कोंकणांतून पुतण्या आला, म्हणजे "किती शिकलास?" हें विचारून झाल्यावर "आजारी पडलास तर तुझा पगार चालू राहातो का रे?" हेंही त्यास अवश्य विचारावें.