फुकटचं म्हणून नाही, मुदत संपली म्हणून बंद पडलं!

मित्रांनो, पोस्ट जरा लांब आहे, पण रांगेत उभं राहून ज्यांचा दिवस गेलाय त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात एका कार्यालयात दाखल्यासाठी गेलो होतो. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की चर्चा साहेबांवर जाते आणि मुद्दा राहून जातो. नवा प्रिंटर आला होता, पण तो संगणकाला ओळखीचाच नव्हता. बाहेर पंधरा-वीस माणसं, त्यात दोन म्हाताऱ्या आज्या. टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले, "हे लिनक्स आहे हो, फुकटचं. फुकटचं असंच असतं." रांगेतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी वाकून स्क्रीन पाहिली. उबुंटू २३.१०. आणि डोक्यात तिडीक गेली.

का, ते सांगतो. उबुंटूची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. आकड्यातच सगळं लिहिलेलं असतं: २३.१० म्हणजे २०२३ चा ऑक्टोबर. या मधल्या आवृत्त्यांना फक्त ९ महिने सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. २३.१० ची मुदत जुलै २०२४ मध्येच संपली. मुदत संपली की तिची पॅकेजेस नेहमीच्या सर्व्हरवरून जुन्या गोदामात हलवली जातात. मग प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला गेलं की संगणक म्हणतो, फाइल सापडत नाही. सापडणार कशी? दुकान उठून गेलंय आणि आपण बंद शटर वाजवतोय.

याच कंपनीची दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणारी एलटीएस आवृत्ती असते. तिला ५ वर्षं दुरुस्त्या मिळतात. २४.०४ घेतली असती तर २०२९ पर्यंत चिंता नव्हती. पैसे तेवढेच, म्हणजे शून्य. मग चूक फुकट असण्याची की निवडणाऱ्याची?

आपल्या शेतकऱ्याला हे समजावावं लागत नाही. कृषी विद्यापीठात नवा वाण आधी प्रयोगाच्या प्लॉटवर असतो, मग ठिकठिकाणी चाचण्या होतात, मगच तो प्रसारित होतो. प्रयोगाच्या प्लॉटवरचं बी कुणी आपल्या दहा एकरांत पेरत नाही. डेबियन नावाची १९९३ पासूनची लिनक्स प्रणाली नेमकी अशीच चालते. नवं काम आधी 'अनस्टेबल' शाखेत येतं. तिथे साधारण २ ते १० दिवसांत मोठा दोष निघाला नाही तर ते 'टेस्टिंग'मध्ये सरकतं. साधारण दोन वर्षांनी टेस्टिंग गोठवतात. म्हणजे नवं काही घ्यायचं नाही, फक्त दोष काढायचे. ते निघाले की 'स्टेबल' जाहीर. डेबियन १३ साठी ही गोठवण मार्च २०२५ मध्ये सुरू झाली आणि आवृत्ती आली ९ ऑगस्टला. पाच महिने जगभरातली माणसं फक्त दोष काढत बसली होती. आपल्याकडे मंत्र्यांच्या हस्ते पोर्टलचं उद्घाटन आधी होतं आणि दोष रांगेतली आजी शोधते.

अनस्टेबलचं टोपणनाव 'सिड' आहे. 'टॉय स्टोरी' सिनेमात खेळणी मोडणारा पोरगा आठवतो ना, तोच. इतकं स्पष्ट नाव ठेवूनही कुणी ती शाखा कार्यालयात बसवत असेल, तर दोष नाव ठेवणाऱ्यांचा नाही.

आता दुसरी बाजू. नावं फसवतातही, हे मान्य. फ्रीबीएसडी या प्रणालीत 'स्टेबल' ही चालू विकासाचीच शाखा असते. तिथे स्टेबलचा अर्थ एवढाच की जुने प्रोग्राम नव्या बदलांमुळे अडू नयेत. रोजच्या कामाला 'रिलीज' घ्यायची. म्हणजे एकाकडची स्टेबल आणि दुसऱ्याकडची स्टेबल एक नाही. म्हणून वाचावं लागतं.

आणि शब्द मोडला जातो, हेही खरं. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत आधार मिळणार होता. ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की तो २०२१ अखेरच संपेल. पुढे राहील ती 'स्ट्रीम', म्हणजे रेड हॅटच्या पुढच्या आवृत्तीच्या आधी धावणारी शाखा. जगभरचे सर्व्हरवाले चिडले, आणि ते चिडणं योग्यच होतं. पण स्रोत खुला होता, म्हणून काही महिन्यांत अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभ्या राहिल्या. विकतच्या विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा तसा पर्याय कुणाला उभा करता आला का? मुदत सगळ्यांनाच असते, राव. विकतच्यालाही.

केरळच्या सरकारी शाळांत 'काइट' ही संस्था उबुंटूवर आधारलेली प्रणाली वापरते. त्यांची २२.०४ ही एलटीएसवरच बेतलेली आहे. आपल्या सी-डॅकची 'बॉस' डेबियनवर उभी आहे. म्हणजे सरकारी यंत्रणेला हे जमत नाही असं नाही. इथे कुणी विचारतच नाही, एवढंच.

विचारा ना! नगरपालिका असो, शाळा असो, ग्रामपंचायत असो. माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा स्टॅम्प लावून तीन प्रश्न टाका. संगणकांवर कोणती प्रणाली आणि कोणती आवृत्ती आहे? तिची मुदत कोणत्या तारखेला संपते? त्यानंतर बदलण्याची जबाबदारी करारात कुणावर आहे? तिसऱ्याचं उत्तर बहुतेक कोरं येईल. तेच इथे आणून टाका.

औषधाच्या बाटलीवरची तारीख आपण पाहतो. जिच्यात आपले दाखले, आधार क्रमांक, जमिनीची नोंद पडून आहे, त्या यंत्राची तारीख कुणी पाहायची?

त्या दिवशी आज्या दाखला न घेताच परतल्या. एसटीचं भाडं त्यांच्या पदरचं गेलं. मी अर्ज टाकलाय. उत्तर आलं की इथेच सांगतो.