उत्तर कोण देणार?

संस्थेचं ट्विटर खातं (आता त्याला एक्स म्हणायचं) उघडायला पाच मिनिटं पुरतात. मग त्यावर अध्यक्षांचे हारतुरे, दीपप्रज्वलन, जयंती-पुण्यतिथीची अभिवादनं. वाचतं कोण? बहुधा कार्यकारिणीच.

याउलट, सुरेश प्रभू २०१४ ते २०१७ या काळात रेल्वेमंत्री असताना प्रवासी धावत्या गाडीतून त्यांना ट्वीट करत: बाळाला दूध हवंय, डब्यात पाणी नाही, सोबतचा माणूस आजारी आहे. मर्यादा तेव्हा १४० अक्षरांची होती. गाडी क्रमांक, पीएनआर आणि अडचण तेवढ्यात मावे. खरी करामत पडद्यामागे होती. दिल्लीत बसलेली माणसं तक्रार वाचून ती संबंधित विभागाकडे पाठवत, आणि अनेकदा पुढच्या स्टेशनावर कुणीतरी हजर असे. मुंबई पोलिसांचं खातं २०१५च्या डिसेंबरात सुरू झालं. त्यांच्या चुरचुरीत कोट्यांची नक्कल पुष्कळांनी केली, तक्रारींना उत्तर देण्याच्या सवयीची मात्र फारशी नाही.

वाचनालय असो की पतसंस्था, खातं काढण्याआधी एवढं ठरवा: रविवारी रात्री आलेल्या प्रश्नाला उत्तर कोण देणार, आणि त्यासाठी सचिवांची सही लागणार का? लागणार असेल, तर दारातला सूचना फलक बरा. तो निदान जाता-येता दिसतो.